‘सागर सम्राट’ : शोध, उपसा आणि एक लांबलेली निवृत्ती

एक रुपयाची नोट आता बाजारात क्वचितच दिसते. १९९४ साली तिची छपाई थांबली, २०१५ साली ती पुन्हा सुरू झाली. तरी तिचे खरे वास्तव्य आहेराच्या पाकिटात किंवा नोटा जमवणाऱ्यांच्या वहीतच. ही नोट भारत सरकार काढते, रिझर्व्ह बँक नव्हे. तिच्यावर वित्त सचिवांची सही असते आणि इतर नोटांवरचे ते सुप्रसिद्ध वचनही तिच्यावर नसते. तिच्या मागच्या बाजूला, रुपयाच्या नाण्याच्या चित्राशेजारी, समुद्रात पाय रोवून उभा असलेला एक लोखंडी सांगाडा आहे. पाहणाऱ्याला तो अर्धवट बांधलेला पूल वाटावा. तो ‘सागर सम्राट’ आहे : भारताच्या समुद्रातले पहिले मोठे तेल ज्याच्या गिरमिटाला लागले तो तरता मंच.

आम्ही मराठी शिकवणारे लोक चरित्र या वाङ्मयप्रकाराची व्याख्या करताना ‘व्यक्तीचे’ हा शब्द गृहीत धरून चालतो. ‘सागर सम्राट’ ही व्यक्ती नव्हे. परंतु त्याला जन्मसाल आहे, जन्मभूमी आहे, पहिली नेमणूक आहे, ऐन उमेदीतली कामगिरी आहे, बत्तीस वर्षांची नोकरी आहे, आणि माणसांच्या वाट्याला सहसा न येणारी अशी एक गोष्टही आहे : निवृत्तीनंतर, दीर्घ प्रतीक्षेअंती, वेगळ्याच पदावर झालेली पुनर्नेमणूक. या कारकिर्दीची दोन्ही पर्वे शेजारी ठेवून वाचली, तर स्वतंत्र भारताच्या तेलाच्या इतिहासाचा आराखडाच हाती येतो, असे आमचे म्हणणे आहे. तो शोधण्यासाठी आला होता. आता तो उपसतो. या एका क्रियापदाच्या बदलात बरेच काही घडून गेले आहे.

हे सारे आम्ही समुद्रापासून दूर, जळगाव-धुळ्याकडे बसून लिहीत आहोत, हे आधीच सांगितलेले बरे. खानदेशात ‘तेल’ हा शब्द मुळात शेतातला. तीळ, शेंगदाणा, करडई, सरकी. घाणा आणि पेंड. अमळनेरला १९४५ साली ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही वनस्पती तूप करणारी कंपनी निघाली, ती इथल्या शेंगदाण्याच्या भरवशावर. पुढे तिचीच विप्रो झाली. ‘तेल’ या शब्दाच्या पोटात तर तीळच आहे. जमिनीतून निघणाऱ्या तेलाला मात्र आमच्या बोलीने बराच काळ तेल म्हटले नाही. ते घासलेट झाले, रॉकेल झाले. एकाच्या मुळाशी ‘गॅसलाइट’ आहे, दुसऱ्याच्या मुळाशी ‘रॉक ऑइल’. दोन्ही शब्द ग्रंथांतून नव्हे, दुकानाच्या ओट्यावरून भाषेत आले आणि रेशनच्या रांगेत मुरले.

विहिरीचे नेमके उलट झाले. येथे मराठीने नवा शब्द न घेता आपलाच जुना शब्द उसना दिला. ‘तेलविहीर’ हा शब्द आम्हाला नेहमीच थोडा गमतीदार वाटत आला आहे. खानदेशातली विहीर म्हणजे काठ, थारोळे, मोट आणि उन्हाळ्यात खाली खाली जाणारे पाणी. समुद्राच्या तळातून गिरमिटाने पाडलेल्या, पोलादी नळ्यांचे अस्तर दिलेल्या, हातभर व्यासाच्या भोकाला कोणी उतरून गाळ काढणार नाही. तरीही शब्द चपखल आहे असे मान्य करावे लागते, कारण दोहोंतली अनिश्चितता सारखी आहे. पाणाड्याने सांगितलेल्या जागी खोदावे आणि काळा पाषाण लागून पैसे बुडावेत, हा अनुभव शेतकऱ्याला आहे तसाच तेल शोधणाऱ्यालाही आहे. फरक फक्त रकमेचा.

तिसरा शब्द ‘हाय’. ‘बॉम्बे हाय’, पुढे ‘मुंबई हाय’. मराठी कानाला तो उसासा वाटतो. वस्तुतः भूविज्ञानात त्याचा अर्थ उंचवटा, म्हणजे आसपासच्या थरांपेक्षा वर उचलला गेलेला भूगर्भातला घुमटासारखा भाग. तेल आणि वायू पाण्यापेक्षा हलके असल्याने सच्छिद्र खडकातून वर सरकत जातात आणि वर अभेद्य थराचे झाकण असेल तर अशा घुमटाखाली अडकून राहतात. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर असा एक प्रचंड उंचवटा समुद्रतळाखाली होता. वरून पाहणाऱ्याला तेथे पाण्याखेरीज काहीही नव्हते.

या उंचवट्याचा आमच्या भूमीशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे. सातपुड्याच्या पायथ्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत जो काळा बेसाल्ट आम्ही पायाखाली तुडवतो, तोच सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा लाव्हा पश्चिमेकडे खचत समुद्राखाली गेला आहे. मुंबईच्या समुद्रातल्या तेलाच्या थरांची तळफरशी बऱ्याच भागात हाच पाषाण आहे. त्याच्यावर नंतरच्या उथळ समुद्रांनी शेल आणि चुनखडी रचली, आणि त्या चुनखडीत तेल साठले. दुसरा संबंध नदीचा. दमणच्या समोरच्या समुद्रात वायू सापडला तो बहुतांशी वाळूच्या थरांत, आणि ती वाळू त्या काळच्या नर्मदा-तापींच्या पूर्वजांनी वाहून नेलेली आहे. म्हणूनच की काय, त्या वायुक्षेत्राला नाव मिळाले ते ‘ताप्ती’. बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम पावून भुसावळवरून, जळगाव-धुळ्याच्या सीमेवरून, मुडावदला पांझरेला पोटात घेऊन सुरतेकडे जाणारी आमची नदी समुद्रात बुडाल्यावरही नावाने शिल्लक राहिली, याचे आम्हाला अप्रूप आहे. आणखी एक योगायोग असा की बसीन क्षेत्रातला, म्हणजे वसईच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्षेत्रातला, वायू किनाऱ्याला लागतो तो हजिऱ्याला, तापीच्या मुखाशीच.

नावांचा विषय निघालाच आहे तर तो येथेच संपवू. मुंबईच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रांची नावे पन्ना, मुक्ता, हिरा, नीलम, रत्ना अशी आहेत. नकाशा हाती घेतला तर सराफाच्या दुकानाची पाटी वाचल्यासारखे वाटते. खोदणाऱ्या यंत्रनौकांची नावे मात्र वेगळ्या शब्दकोशातली : सागर विकास, सागर प्रगती, सागर शक्ती, सागर गौरव. भाषाभ्यासकाला ही यादी एखाद्या पंचवार्षिक योजनेच्या प्रस्तावनेइतकी बोलकी वाटेल. या सगळ्यांत पहिला आला तो सम्राट. संस्थानिकांचे तनखे १९७१ साली रद्द करणाऱ्या देशाने दोनच वर्षांनी आपल्या सर्वांत आधुनिक यंत्राला राजपद बहाल केले, हे आम्हाला विसंगत न वाटता उलट त्या काळाशी सुसंगतच वाटते.

आता मूळ इतिहासाकडे वळू. स्वातंत्र्याच्या वेळी भारतातले तेल म्हणजे मुख्यतः आसामातले दिग्बोई. तेथे १८८९ साली तेल लागले होते. उरलेल्या देशात तेल शोधण्यासाठी परदेशी कंपन्यांनी फारशी उत्सुकता दाखवली नाही. केशवदेव मालवीय यांनी हे काम सरकारनेच अंगावर घ्यावे असा आग्रह धरला, त्यासाठी सोव्हिएत रशियाकडून तज्ज्ञ आणि यंत्रे मिळवली, आणि १९५६ साली तेल व नैसर्गिक वायू आयोग अस्तित्वात आला. १९५८ साली खंबातजवळ लुणेजला, १९६० साली अंकलेश्वरला तेल लागले. अंकलेश्वरच्या पहिल्या विहिरीला नेहरूंनी ‘वसुधारा’ हे नाव दिले. अंकलेश्वर आमच्यापासून फार दूर नाही. सुरतेला व्यापारासाठी जाणाऱ्या खानदेशी माणसाच्या ऐकण्यातले ते गाव. तेलाची वार्ता प्रथम आमच्या पश्चिमेच्या वेशीपर्यंत येऊन पोचली ती अशी, जमिनीवरून.

जमिनीवरचे हे थर आखाताखाली पुढे जात असणार, हा तर्क स्वाभाविक होता. १९६४ ते १९६७ या काळात ‘अकादमिक आर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजावरून रशियन आणि भारतीय तज्ज्ञांनी खंबातच्या आखाताचे सर्वेक्षण केले. पद्धत तत्त्वतः साधी आहे. पाण्यात मोठा ध्वनी निर्माण करायचा, तो तळाखालच्या निरनिराळ्या थरांवर आपटून परत यायला किती वेळ लागतो ते नोंदवायचे, आणि अशा हजारो नोंदींवरून न दिसणाऱ्या भूमीचा नकाशा काढायचा. या फेऱ्यांमध्येच दक्षिणेला तो विस्तीर्ण उंचवटा कागदावर उमटला. तो कागदावर उमटला आणि जवळजवळ दशकभर कागदावरच राहिला, कारण इतक्या खोल आणि खुल्या समुद्रात खोदायचे साधन देशाकडे नव्हते. १९७० साली आखातातल्या आलियाबेटजवळ, किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, स्थिर मंच बांधून खोदण्याचा प्रयोग झाला. पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचा प्रारंभ झाला. तेथून हाती आले ते तेलापेक्षा अनुभव जास्त. १९७२-७३ मध्ये उंचवट्याचे पुन्हा तपशीलवार सर्वेक्षण झाले, आणि १९७३ साली जपानमध्ये मित्सुबिशीने बांधलेला ‘सागर सम्राट’ दाखल झाला.

हे १९७२-७३ साल महाराष्ट्राच्या अंतर्भागात कशासाठी लक्षात आहे, हे वेगळे सांगायला नको. दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसे, रेशनवरची सुकडी आणि मिलो, कोरड्या पडलेल्या विहिरी अधिक खोल करण्याची धडपड. राज्यभर माणसे पाण्यासाठी खाली खाली जात होती, त्याच सुमारास समुद्रात तेलासाठी खाली जाण्याची तयारी चालली होती. या दोन खोदकामांचा एकमेकांशी कार्यकारणसंबंध नाही. पण इतिहास लिहिताना दोन्ही एकाच पानावर यायला हवीत असे आम्हाला वाटते; बहुतेक वेळा ती निरनिराळ्या पुस्तकांत जातात, एक ग्रामीण साहित्याच्या प्रकरणात आणि दुसरे औद्योगिक प्रगतीच्या.

‘सागर सम्राट’ला जहाज म्हणावे की मंच, याबद्दल जुन्या बातम्यांत गोंधळ दिसतो, आणि तो गैरवाजवी नाही. प्रवासात तो तरतो, त्या वेळी त्याचे उंच, जाळीदार लोखंडी पाय आकाशाकडे वर काढलेले असतात. ठरलेल्या जागी पोचल्यावर हे पाय खाली सोडले जातात, ते तळाच्या चिखलात रुततात. मग त्या पायांवर जोर देऊन सगळे धड पाण्याबाहेर, लाटांच्या पोचेपलीकडे उचलले जाते. आता तो जहाज राहत नाही, एक उंच माचाण होतो. माचाणीच्या मनोऱ्यातून नळ्यांची लांब साखळी खाली जाते, तिच्या टोकाला दातेरी गिरमिट. नळीच्या पोकळीतून विशिष्ट घनतेचा चिखल खाली दाबला जातो. तो गिरमिटाला थंड ठेवतो, फुटलेल्या खडकाचा चुरा बाजूने वर घेऊन येतो आणि खालचा दाब आपल्या वजनाने अडवून धरतो. वर आलेला चुरा धुऊन, भिंगाखाली पाहून, वास घेऊन भूवैज्ञानिक सांगतो की आपण कोणत्या युगात पोचलो आहोत. एका विहिरीचे हे वाचन आठवडेच्या आठवडे चालते. काम संपले की धड पुन्हा पाण्यावर उतरते, पाय वर घेतले जातात आणि सम्राट पुढच्या मुक्कामाला निघतो. नांगराच्या जागी पाय असलेले हे भटके जीवन त्याने तीन दशके काढले.

पहिला मुक्काम ‘बॉम्बे हाय’चा. पाण्याची खोली सुमारे ७५ मीटर. फेब्रुवारी १९७४ मध्ये मायोसीन काळातल्या चुनखडीत तेल लागले. या महिन्याला जागतिक संदर्भही आहे. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धापूर्वी पिंपाला तीन डॉलरच्या आसपास असलेले तेल जानेवारी १९७४ मध्ये साडेअकरा डॉलरच्या वर गेले होते. आयातीवर जगणाऱ्या देशाची परकीय गंगाजळी त्यामुळे आटत होती. अशा वेळी आलेली ही बातमी सुवार्ता ठरली यात नवल नाही. मात्र तिच्यानंतरचे महिने पाहिले तर त्या सालाचा रंग काही एकच नव्हता. मे महिन्यात देशव्यापी रेल्वे संप झाला, आणि भुसावळसारख्या रेल्वेच्या गावाने १९७४ हे साल त्या संपाच्या खुणेनेच ध्यानात ठेवले असेल तर त्यात गैर काही नाही. संप चालू असतानाच, १८ मे रोजी, पोखरणला अणुचाचणी झाली. एकाच सालात समुद्राच्या तळाला आणि वाळवंटाच्या पोटात पोचलेले हे राष्ट्र रुळांवर मात्र आपल्याच कामगारांसमोर उभे होते.

शोधापासून उत्पादनापर्यंतचा काळ थोडा होता. २१ मे १९७६ रोजी तेल येऊ लागले. आधी ते टँकर-जहाजांनी नेले जाई, पुढे दोन वर्षांत उरणपर्यंत समुद्राखालून नळ टाकला गेला. त्यानंतरच्या दशकात ‘बॉम्बे हाय’ हे भारताच्या अर्थकारणातले एक वजनदार नाव झाले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस उत्पादन शिखराला पोचले तेव्हा या एका क्षेत्रातून दिवसाला चार लाखांहून अधिक पिंपे तेल निघत होते. उरणला वेगळा केलेला स्वयंपाकाचा वायू सिलिंडरमध्ये भरला जाऊ लागला. मुंबईच्या माहुलच्या शुद्धीकरण कारखान्यांतले पेट्रोल-डिझेल नळाने मनमाडजवळ पानेवाडीला आणि तेथून टँकरने जळगाव-धुळ्याला येते. म्हणजे मधल्या काळात आमच्या गावच्या पंपावर जे भरले गेले, त्यात त्या फेब्रुवारीचा काही अंश नक्कीच होता. घाण्याच्या तेलाची भूमी रॉकेलच्या रांगेतून डिझेलच्या पंपाकडे आली आणि विहिरीवरची मोट जाऊन इंजिन बसले; या स्थित्यंतराची सामाजिक बाजू आमच्या कथा-कादंबऱ्यांत आली आहे, पण ते तेल कोठून येते हा प्रश्न त्या कादंबऱ्यांतल्या पात्रांना कधी पडलेला दिसत नाही.

तेल कोठून येते याचे उत्तर आकड्यांत देणे सोपे आहे. माणसांत देणे अवघड. समुद्रातल्या मंचावरचा माणूस चौदा दिवस कामावर आणि चौदा दिवस घरी असतो. जुहूहून हेलिकॉप्टरने जायचे, बारा-बारा तासांच्या पाळ्या करायच्या, आणि चौदाव्या दिवशी बदली माणूस आला तर परत यायचे. पावसाळ्यात तो वेळेवर येईलच असे नाही. वर्षाचे दोन समान भाग करून जगणारा, अर्ध्या सणांना घरी नसणारा आणि उरलेल्या अर्ध्या वेळेत, सगळे गाव कामावर गेले असताना, एकटाच घरी असणारा हा नोकरदार आमच्या ओळखीच्या मध्यमवर्गीय कथेत बसत नाही. तो गिरणी कामगाराच्या साहित्यातही बसत नाही. त्याची भाषाही मिश्र आहे. ड्रिलर, टूलपुशर, टॉपमन, रिगमन, मड, केसिंग : हे शब्द पंजाबी, बंगाली, आसामी, गुजराती आणि मराठी माणसांनी एकाच पाळीत वापरलेले. अशा मिश्र बोलीचा अभ्यास बंदरांच्या, गिरण्यांच्या आणि रेल्वेच्या संदर्भात झाला आहे. समुद्रावरच्या या वसाहतीला तो मान मिळायला हवा.

धोका हा या नोकरीचा कायमचा सोबती. १९८२ च्या जुलैअखेरीस ‘सागर विकास’ ज्या विहिरीवर काम करत होता तिच्यातून तेल-वायूचा अनावर उद्रेक होऊन आग लागली. २७ जुलै २००५ चा अपघात तर एखाद्या कथालेखकाने रचला असता तर अतिरंजित म्हणून आम्ही खोडून काढला असता. आदल्या दिवशीच्या प्रलयकारी पावसाने मुंबई ठप्प झालेली, हेलिकॉप्टर उडू शकत नव्हते. ‘समुद्र सुरक्षा’ या साहाय्यक जहाजावरच्या आचाऱ्याची बोटे कापली गेली होती, त्याला उपचारासाठी मंचावर चढवायचे होते. लाटांच्या धक्क्याने जहाज मंचाच्या वायुनलिकांवर आदळले, वायू पेटला, आणि ‘बॉम्बे हाय नॉर्थ’चा अजस्र मंच दोनेक तासांत समुद्रात कोसळला. बावीस माणसे गेली; साडेतीनशेहून अधिक वाचवली गेली. पुढे मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात ‘पी-३०५’ हा तरता निवास बुडाला. त्याच्यावर २६१ माणसे होती, त्यांतली सत्तरहून अधिक परतली नाहीत. त्यांतले बहुतेक कंत्राटी कामगार होते. सम्राट, विकास, प्रगती अशी नावे धारण करणाऱ्या यंत्रांच्या ताफ्यात माणसांच्या या निवाऱ्याला नाव नव्हते, क्रमांक होता.

धुळ्यात राहणाऱ्याला इतिहासाचा विचार करताना राजवाड्यांना टाळता येत नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आयुष्याच्या अखेरच्या पर्वात धुळ्याला राहिले, १९२६ सालच्या अखेरच्या दिवशी तेथेच वारले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही तेथे आहे. गावोगावची दप्तरे, माळ्यावरचे रुमाल, वाण्याच्या पुड्यांना जाऊ घातलेले कागद त्यांनी गोळा केले, आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ बावीस खंडांत उभी राहिली. त्यांची मते आज कोणी जशीच्या तशी स्वीकारणार नाही. परंतु कागद आधी, कथन नंतर, हा त्यांचा आग्रह अजून जुना झालेला नाही. त्या दृष्टीने पाहिले तर समुद्रातल्या तेलाच्या इतिहासाची साधने दोन प्रकारची आहेत. एक प्रकार विपुल आहे. विहिरीवर रोजच्या रोज लिहिला जाणारा अहवाल : आज किती मीटर खाली गेलो, चिखलाची घनता किती, चुऱ्यात काय दिसले, किती तास यंत्र बंद होते. बखरीपेक्षा हा कागद राजवाड्यांना अधिक आवडला असता. दुसरा प्रकार पत्रांचा, डायऱ्यांचा आणि आठवणींचा. तो घराघरांत विखुरलेला आहे आणि त्याची दप्तरे कोणी बांधलेली नाहीत. गिरीश कुबेर यांच्या ‘हा तेल नावाचा इतिहास आहे!’ या पुस्तकाने जागतिक तेलकारण मराठी वाचकाच्या घरात आणले, हे ऋण मोठेच आहे. पण ते राज्यकर्त्यांचे आणि कंपन्यांचे राजकारण आहे. माचाणीवरून दिसणारा इतिहास हा त्याच्या खालचा मजला आहे.

पुन्हा सम्राटाकडे. बत्तीस वर्षांत त्याने सुमारे १२५ विहिरी खोदल्या आणि समुद्रातल्या चौदा महत्त्वाच्या शोधांत त्याचा वाटा होता, अशी त्याची सेवापुस्तिका सांगते. कोणत्याही अधिकाऱ्याला हेवा वाटावा अशी ही नोंद आहे. या वयात यंत्रांचे सहसा एकच होते : त्यांना भंगारात काढतात, गुजरातच्या किनाऱ्यावरच अलंग आहे. सम्राटाच्या बाबतीत वेगळा निर्णय झाला. त्याचे खोदकामाचे साहित्य उतरवून त्याला हलवता येईल असे उत्पादन-केंद्र बनवायचे ठरले. २०११ साली रूपांतराचे कंत्राट दिले गेले. काम लांबले, आणि फारच लांबले. जो मंच मुळात दोन-तीन वर्षांत नवा बांधून होतो त्याच्या दुसऱ्या जन्माला अकरा वर्षे लागली. कंत्राटांच्या आणि विलंबांच्या या कहाणीत आम्ही शिरत नाही. सरकारी कामकाजाचा वाचकांना जो अनुभव आहे तो येथे पुरेसा आहे. अखेर २३ डिसेंबर २०२२ रोजी, मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १४५ किलोमीटरवर, ‘डब्ल्यूओ-१६’ या क्षेत्रात, ७६ मीटर पाण्यात उभ्या असलेल्या ‘सागर सम्राट’मधून पुन्हा तेल वाहू लागले. दिवसाला २० हजार पिंपे हाताळण्याची त्याची क्षमता. त्याच्यामुळे उत्पादनात सुमारे सहा हजार पिंपांची भर पडावी अशी अपेक्षा त्या वेळी सांगितली गेली.

हे सहा हजार आणि शिखरकाळातले चार लाख हे आकडे शेजारी ठेवले म्हणजे आम्हाला काय म्हणायचे आहे ते स्पष्ट होते. पूर्वी सम्राट जेथे जाई तेथे काय निघेल हे कोणाला ठाऊक नसे. त्याचे काम प्रश्न विचारण्याचे होते. आता तो ठाऊक असलेल्या विहिरींशी जखडून उभा आहे, आणि इतरांनी शोधलेले, मोठ्या मंचांना न परवडणारे, कडेकडेचे तेल गोळा करतो. ही अवनती नाही, आणि तिला कार्यमग्न वार्धक्य म्हणून गौरवणेही अपुरे आहे. क्षेत्रच म्हातारे झाले आहे. ‘मुंबई हाय’चे उत्पादन शिखराच्या मानाने कितीतरी खाली आले आहे, त्यातले उरलेले तेल काढण्यासाठी २०२५ च्या आरंभी ब्रिटनच्या ‘बीपी’ या कंपनीला तांत्रिक साहाय्यक म्हणून निवडले गेले, आणि देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी पंचाऐंशी टक्क्यांहून अधिक आज बाहेरून येते. परदेशी कंपन्यांची अनास्था पाहून जे काम मालवीयांनी सरकारच्या अंगावर घेतले होते, त्यात साठ-सत्तर वर्षांनी एक परदेशी कंपनी सल्लागार म्हणून परत आली, यात उपरोध आहे. पण तो सोपा उपरोध आहे. ज्या क्षेत्रात ती आली आहे ते तिने शोधलेले नाही, हेही त्याच दमात म्हणायला हवे.

ताप्ती क्षेत्राचे आयुष्य तर त्याहूनही आखूड ठरले. १९९० च्या दशकात ते पन्ना-मुक्तासह खासगी भागीदारीत गेले, वायू निघाला, संपत आला, आणि तेथले मंच उतरवण्याचे काम भारतीय समुद्रातले त्या प्रकारचे पहिले काम ठरले. नदीच्या नावाने उभी राहिलेली लोखंडी वस्ती नदीच्या हयातीच्या मानाने क्षणभर टिकली.

आणि माणसे? मंच साठाव्या वर्षी निवृत्त होत नाही, माणूस होतो. १९७४ साली सम्राटावर रुजू झालेला बावीस वर्षांचा तरुण २०१२ साली साठीला पोचून घरी आला; त्याच्या आदल्याच वर्षी सम्राटाच्या पुनर्नेमणुकीचा कागद निघाला होता. तो मंच पुन्हा समुद्रात उभा राहिला तेव्हा त्याचा पहिला फेब्रुवारी डोळ्यांनी पाहिलेला एकही माणूस नोकरीत उरलेला नव्हता. ते सगळे आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. एम.ए.च्या ज्या विद्यार्थ्यांना प्रबंधिकेसाठी विषय सुचत नाहीत त्यांनी अशा एखाद्या माणसाच्या घरी वही घेऊन जावे. प्रश्न साधे असावेत. चौदा दिवसांत घरी पत्र कसे जाई आणि त्यात काय लिहीत. समुद्राच्या तळाला, गिरमिटाला, चिखलाला तुमच्या पाळीत काय म्हणत. घरी आल्यावर पहिले दोन दिवस जमीन हलते आहे असे वाटे का. आणि चिखलाच्या टाकीवर तेलाचा पहिला तवंग दिसला तेव्हा पाळी कोणाची होती, आणि ती बातमी त्याने आधी कोणाला सांगितली.